वोव्हिनामचे उस्ताद

(व्हिएतनाम हा आग्नेय आशियातील एक देश आहे. त्या देशात वोव्हिनाम नावाची स्वसंरक्षणाची कला जन्माला आली. तिचे जनक न्गुयेन लॉक यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. माणसाने बळ कशासाठी मिळवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जीवनातून मिळते.)

'तालीम' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्ती आणि कसरत शिकण्याची जागा. शब्द एकच, पण एका भाषेत तो आपल्याला पुस्तकाकडे नेतो, तर दुसऱ्या भाषेत आखाड्याकडे. शिक्षण आणि कसरत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असे मानणारा एक माणूस दूर व्हिएतनाम देशात होऊन गेला. त्याचे नाव न्गुयेन लॉक.

लॉकचा जन्म २४ मे १९१२ रोजी हू बांग या गावी झाला. हे गाव हनोई शहराच्या पश्चिमेला, त्या वेळच्या सोन ताय प्रांतात होते. पाच भावंडांत लॉक सर्वांत मोठा. व्हिएतनामच्या उत्तर भागात खेडोपाडी कुस्तीची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे जत्रेत जसे कुस्तीचे फड रंगतात, तसे तिथेही गावच्या सणाला मल्ल मैदानात उतरतात. ढोल वाजू लागतो आणि सारा गाव भोवती जमतो. लहानग्या लॉकला वडिलांनी एका वृद्ध उस्तादांच्या हाती सोपवले. त्यांच्याकडे तो कुस्ती आणि देशी युद्धकलेचे डाव शिकू लागला. शाळेचा अभ्यास आणि उस्तादांची तालीम, असे त्याचे दुहेरी शिक्षण सुरू झाले.

या देशी युद्धकलांचा इतिहास मोठा आहे. व्हिएतनाम हा चीनच्या शेजारचा लहान देश. सुमारे एक हजार वर्षे त्याच्यावर चिनी राजवटींची सत्ता होती. इ. स. ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनापतीने बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून ठेवले. भरतीच्या पाण्यात ते खांब दिसत नव्हते. ओहोटी लागताच शत्रूची जहाजे त्यांवर अडकली आणि फुटली. तेराव्या शतकात मंगोलांच्या प्रचंड फौजा तीन वेळा चालून आल्या आणि तिन्ही वेळा त्यांना परत जावे लागले. शत्रू मोठा, आपण लहान, अशी स्थिती या लोकांनी वारंवार अनुभवली. म्हणून शक्तीला युक्तीची जोड देणे त्यांना भागच होते. तलवार, भाला, काठी आणि रिकामे हात यांचे अनेक डाव गावोगावी जपले गेले. बापाने मुलाला आणि उस्तादाने शागिर्दाला ते शिकवावेत, अशी रीत होती.

लॉकच्या जन्माच्या वेळी मात्र देशावर फ्रेंचांचे राज्य होते. हनोई ही फ्रेंच इंडोचायनाची राजधानी होती. शहरात रुंद रस्ते, मोठी नाट्यगृहे आणि फ्रेंच शाळा होत्या. पण आपल्याच देशात व्हिएतनामी माणसाला दुय्यम स्थान होते. जुन्या युद्धकला शिकवणाऱ्या उस्तादांकडे सरकार संशयाने पाही. त्यामुळे ती विद्या हळूहळू मागे पडू लागली होती.

लॉक सतरा वर्षांचा असताना एक घटना घडली. फेब्रुवारी १९३० मध्ये येन बाय या ठिकाणी व्हिएतनामी सैनिकांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. तो एका दिवसातच मोडून काढण्यात आला. उठावाचे नेते न्गुयेन थाय होक आणि त्यांचे बारा साथीदार यांना १७ जून १९३० रोजी मृत्युदंड देण्यात आला. साऱ्या देशात भीती आणि निराशा पसरली.

त्या काळच्या तरुणांपुढे दोन वाटा दिसत होत्या. काही जण जिवावर उदार होऊन गुप्त चळवळीत शिरत होते. दुसरे काही जण देशाचा विचारच सोडून मौजमजेत दिवस घालवत होते. लॉक यांना या दोन्ही गोष्टींनी अस्वस्थ केले. त्यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. ज्या माणसाचे शरीर दुबळे आहे, तो मार खातो. ज्याचे मन दुबळे आहे, तो मोहाला किंवा भीतीला बळी पडतो. अशा माणसांनी सत्ता मिळवली, तरी ती टिकणार कशी? म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःत बदल घडवला पाहिजे. हा बदल शरीरात आणि मनात एकाच वेळी झाला पाहिजे, असे त्यांचे मत झाले. या विचाराला पुढे तन-मनाची क्रांती असे नाव मिळाले.

विचार सुचणे सोपे असते. तो अमलात आणण्यासाठी लॉक यांनी प्रयत्नांची शिकस्त केली. अनेक वर्षे त्यांनी वेगवेगळ्या युद्धकलांचा अभ्यास केला. कोणता डाव कुठे उपयोगी पडतो, कोणता डाव केवळ दिसायला सुंदर आहे, हे त्यांनी स्वतः करून पाहिले. देशी कुस्ती आणि जुनी युद्धकला हा त्यांनी पाया धरला. परदेशी कलांमधले जे चांगले वाटले, तेही घेतले. परक्यांचे म्हणून टाकून द्यायचे नाही आणि आपले म्हणून डोळे झाकून स्वीकारायचे नाही, अशी त्यांची दृष्टी होती. यातून १९३८ मध्ये एक नवी पद्धत तयार झाली. तीच वोव्हिनाम. व्हिएतनामी भाषेत 'वो' म्हणजे युद्धकला. 'वो व्हिएतनाम' या शब्दांचे छोटे रूप म्हणजे वोव्हिनाम. त्या वेळी लॉक यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

या कलेचे एक मुख्य तत्त्व आहे. कठोरपणा आणि मृदुपणा यांचा मेळ घालायचा, हे ते तत्त्व. समोरचा माणूस जोराने अंगावर आला, तर त्याच्याशी जोराला जोर लावायचा नाही. बाजूला सरकायचे, त्याचा जोर वाया जाऊ द्यायचा आणि त्याचा तोल गेला की आपला डाव टाकायचा. केवळ कठोर वस्तू मोडते आणि केवळ मऊ वस्तू दबली जाते. दोन्ही गुण ज्याच्या अंगी आहेत, तो टिकून राहतो.

वोव्हिनामची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे पायांचे डाव. खेळाडू धावत येतो, उंच उडी घेतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला किंवा मानेला दोन्ही पायांची कैची घालून त्याला खाली पाडतो. असे एकूण एकवीस डाव आहेत. हातांपेक्षा पायांत जास्त ताकद असते. शिवाय उडी घेतल्यावर अंगाचे सारे वजन डावाच्या मागे येते. त्यामुळे चणीने लहान असलेला माणूसही धिप्पाड माणसाला लोळवू शकतो. अर्थात हे डाव उस्तादांच्या नजरेखाली वर्षानुवर्षे शिकावे लागतात. ते कोणीही घरी करून पाहू नयेत.

सुरुवातीला लॉक यांनी आपली विद्या फक्त जवळच्या मित्रांना शिकवली. मग १९३९ च्या शरद ऋतूत हनोईच्या मोठ्या नाट्यगृहात त्यांनी शागिर्दांसह जाहीर प्रात्यक्षिके केली. हे नाट्यगृह फ्रेंचांनी बांधलेले होते. त्याच रंगमंचावर व्हिएतनामी तरुणांनी आपल्या मातीतली कला दाखवली. प्रेक्षकांना ती फार आवडली. पुढे १९४० च्या वसंत ऋतूत हनोईच्या अध्यापक विद्यालयात वोव्हिनामचा पहिला जाहीर वर्ग सुरू झाला. उद्याचे शिक्षक जिथे तयार होत होते, तिथेच या कलेचा पहिला वर्ग भरला.

लॉक यांच्याकडे येणाऱ्या मुलांत ले सांग नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १९२० चा. एका मोठ्या आजारातून उठल्यावर त्याचे पाय अशक्त झाले होते. त्याला नीट चालता येत नव्हते. पायांत बळ यावे म्हणून त्याच्या आईने त्याला युद्धकला शिकण्याचा सल्ला दिला. आईचे ऐकून तो लॉक यांच्या वर्गात आला. ज्या कलेत पायांनाच सर्वांत जास्त महत्त्व, ती शिकायला अशक्त पायांचा मुलगा आला होता. उस्तादांनी त्याला परत पाठवले नाही. रोजच्या सरावाने त्याचे पाय बळकट झाले. पुढे तो लॉक यांचा सर्वांत निष्ठावान शागीर्द झाला.

वर्गांची लोकप्रियता वाढू लागली, तसा फ्रेंच सरकारचा संशयही वाढला. इतके तरुण एकत्र येतात, शिस्तीने वागतात आणि आपल्या देशाचा अभिमान बाळगतात, हे सरकारला पसंत नव्हते. शेवटी जाहीर वर्गांवर बंदी आली. लॉक यांनी मग गुपचूप, घरच्या घरी शिकवणे चालू ठेवले. वर्ग बंद पडला, पण शिकणे बंद पडले नाही.

त्यानंतरची वर्षे फार कठीण होती. १९४० मध्येच जपानी सैन्य देशात शिरले होते. १९४५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. डिसेंबर १९४६ मध्ये हनोईत फ्रेंचांशी युद्ध पेटले. लॉक काही शागिर्दांसह शहर सोडून खेड्यांत गेले. तिथेही त्यांनी तरुणांना शिकवले. काही काळाने ते हनोईला परत आले आणि त्यांनी पुन्हा वर्ग उभे केले.

१९५४ मध्ये जिनिव्हा येथे करार झाला आणि देशाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले. लाखो लोकांनी आपली घरे सोडली. लॉकही दक्षिणेकडे सायगाव शहरात गेले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अनोळखी शहरात, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ले सांग त्यांच्या बरोबर होते. पण आता लॉक यांची प्रकृती साथ देईना. हळूहळू त्यांनी शिकवण्याची जबाबदारी ले सांग यांच्यावर सोपवली. २९ एप्रिल १९६० रोजी सायगाव येथे न्गुयेन लॉक यांचे निधन झाले. अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण व्हायलाही काही दिवस कमी होते.

उस्ताद गेले, आता त्यांची कलाही जाणार, असे अनेकांना वाटले असेल. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात सायगावमध्ये सरकारविरुद्ध बंड झाले. बंडात काही शागीर्द सामील असल्यामुळे वोव्हिनामवर पुन्हा बंदी आली. ती १९६३ मध्ये ते सरकार पडेपर्यंत राहिली. १९६४ मध्ये ले सांग यांनी जुन्या साथीदारांना एकत्र केले. अभ्यासक्रम, पोशाख आणि पट्ट्यांचे रंग ठरवले. १९७५ मध्ये युद्ध संपल्यानंतर वर्ग पुन्हा काही काळ बंद पडले आणि ले सांग यांना अनेक वर्षे कैदेत काढावी लागली. सुटून आल्यावर ते पुन्हा शिकवू लागले. ज्या मुलाला नीट चालता येत नव्हते, त्याने आपल्या उस्तादांची विद्या पन्नास वर्षे पुढे चालवली. २०१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ही कला युरोप, आफ्रिका आणि अमेरिकेपर्यंत पोहोचली होती. २००८ मध्ये तिची जागतिक संघटना स्थापन झाली आणि २०११ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत तिला स्थान मिळाले.

वोव्हिनाम शिकणाऱ्याला काय मिळते? पहिला लाभ शरीराचा. गुडघे वाकवून पवित्र्यात उभे राहण्याच्या सरावाने पाय आणि कंबर बळकट होतात. उड्या आणि लाथा यांमुळे अंग लवचीक होते. पडावे कसे, हेही शिकवले जाते. पडताना अंग गोल करून लोळण घेता आली, तर हाडे मोडण्याचा धोका कमी होतो. दुसरा लाभ स्वसंरक्षणाचा. कोणी मनगट धरले, गळा पकडला किंवा मागून मिठी मारली, तर सुटका कशी करावी, हे नवशिक्याला आरंभीच शिकवतात. त्यामुळे मनातली भीती कमी होते. तिसरा लाभ सोबतीचा. पुष्कळसा सराव जोडीने करायचा असतो. एक जण डाव टाकतो आणि दुसरा पडतो. मग पाळी बदलते. आपल्या जोडीदाराला इजा होऊ नये, याची काळजी दोघांनाही घ्यावी लागते. अशा सरावातून ताकद आवरायची सवय लागते. ताकद वापरण्यापेक्षा ती आवरणे जास्त अवघड असते.

पट्ट्यांच्या रंगांतही अर्थ आहे. नवा शागीर्द निळा पट्टा बांधतो. निळा हा समुद्राचा आणि आशेचा रंग. त्यानंतर पिवळा, मग लाल आणि शेवटी पांढरा. पिवळा पट्टा म्हणजे विद्या कातडीपर्यंत पोहोचली. लाल म्हणजे ती रक्तात उतरली. पांढरा म्हणजे ती हाडांपर्यंत गेली. पांढरा पट्टा फार थोड्या लोकांना मिळतो. आधी विद्या वरवरची असते आणि सरावानेच ती खोल जाते, हे यावरून ध्यानात येते. पाठांतराचेही असेच असते, नाही का?

वोव्हिनामच्या वर्गात शिरताना प्रत्येक शागीर्द सलाम करतो. तो उजवा हात छातीवर, हृदयाच्या जागी ठेवतो आणि मान लववतो. हा सलाम सुंदर आहे. हात पोलादासारखा मजबूत झाला पाहिजे. पण तो नेहमी दयाळू हृदयाच्या ताब्यात असला पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. स्वतः नीट जगावे, दुसऱ्याला जगायला मदत करावी आणि वेळ आली तर दुसऱ्यासाठी जगावे, अशी शिकवण शागिर्दांना दिली जाते. दुर्बळाला मारण्यासाठी किंवा बढाई मारण्यासाठी ही विद्या नाही.

न्गुयेन लॉक यांनी राज्य जिंकले नाही. त्यांच्या हयातीत त्यांचे वर्ग पुन्हा पुन्हा बंद पडले. त्यांना गाव सोडावे लागले, शहर सोडावे लागले. पण त्यांच्याजवळ जे होते, ते कोणालाही काढून घेता आले नाही. कारण ते त्यांच्या शरीरात, मनात आणि शागिर्दांच्या शरीरात, मनात होते. उर्दूतील तालीम आणि मराठीतील तालीम, हे दोन्ही अर्थ त्यांच्या वर्गात एकत्र नांदत होते.

शब्दार्थ

स्वसंरक्षण – स्वतःचा बचाव
जनक – जन्म देणारा, सुरुवात करणारा
फड – कुस्त्यांचा सामना. त्यासाठी जमलेला मेळा
मल्ल – पैलवान
दुय्यम – खालच्या दर्जाचे
शिकस्त करणे – होईल तेवढे सारे प्रयत्न करणे (उर्दूत शिकस्त म्हणजे हार, मराठीत अर्थ वेगळा आहे.)
चण – शरीराची ठेवण
प्रात्यक्षिक – प्रत्यक्ष करून दाखवणे
पवित्रा – लढताना उभे राहण्याची पद्धत
मान लववणे – आदराने मान झुकवणे
हयात – जिवंत असण्याचा काळ

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) न्गुयेन लॉक यांचा जन्म कोठे झाला?
(आ) वोव्हिनाम हे नाव कसे तयार झाले?
(इ) वोव्हिनामचा पहिला जाहीर वर्ग कोठे भरला?
(ई) ले सांग यांना युद्धकला शिकण्याचा सल्ला कोणी दिला?

२. कारणे लिहा.
(अ) बाख दांग नदीत शत्रूची जहाजे फुटली.
(आ) फ्रेंच सरकारला वोव्हिनामचे वर्ग पसंत नव्हते.
(इ) चणीने लहान असलेला माणूसही धिप्पाड माणसाला लोळवू शकतो.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तन-मनाची क्रांती म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) वोव्हिनामच्या सलामाचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) जोडीने सराव केल्यामुळे कोणती सवय लागते?

४. वाक्यांत उपयोग करा.
शिकस्त करणे, जिवावर उदार होणे, अमलात आणणे, बळी पडणे.

५. 'तालीम' आणि 'शिकस्त' यांसारखे, उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असलेले पण अर्थाने वेगळे असलेले शब्द शोधा. त्यांचे दोन्ही अर्थ वहीत लिहा.